थर्माकोलवाले दत्ताजी

दत्ताजी मोहिते यांचे घर कोणी आडनावाने विचारत आले असते तर ते सापडले नसते. देवासच्या बसस्टँडवर टांगेवाल्याला नुसते ‘थर्माकोलवाले भिया’, म्हणजे भैया, म्हटले की तो आमच्या गल्लीत, त्यांच्या दाराशी आणून सोडत असे. हे नाव त्यांना फार आवडे. पुढे असे दिवस आले की ते ऐकल्यावर दत्ताजी मान खाली घालत. त्या मधल्या काळाची हकीकत मी लिहिते आहे, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि देवाच्या दयेने शेवट बरा झाला.

दत्ताजी मूळचे सांगलीकडचे. आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेने देवासला कारखाने उभे राहत होते, त्या दिवसांत ते नोकरीसाठी इकडे आले. मालनशी नुकतेच लग्न झालेले. दोघांनाही हिंदी येत नव्हती. मालन पहिल्यांदा बाजारात गेली तेव्हा भाजीवाल्याशी खुणांनीच बोलली आणि गिलक्यांऐवजी, म्हणजे घोसाळ्यांऐवजी, किलोभर हिरव्या मिरच्या घेऊन आली. ही गोष्ट ती स्वतःच हसत हसत सांगे.

कारखान्यात दत्ताजी पॅकिंग खात्यात होते. यंत्रांचे नाजूक भाग बाहेरगावी पाठवताना खोक्यात थर्माकोल भरावा लागे. मोठ्या पाट्यांतून हवे तेवढे कापून घेतले की उरलेले तुकडे बाहेर फेकून देत. दत्ताजींना ते बघवेना. साहेबांना विचारून ते तुकडे घरी आणू लागले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी एक पांढरा ढीग हातभर उंचीवरून तरंगत येताना दिसे आणि ढिगामागून सायकलची घंटी वाजे. सायकल आणि दत्ताजी दोन्ही ढिगाआड असत.

त्या तुकड्यांतून ते गणपतीचे मखर करत. तापलेल्या बारीक तारेने थर्माकोल असा कापत की लोण्यातून सुरी फिरावी. नक्षीचे खांब, महिरपी, वर कळस, कळसावर राघू. एका वर्षी त्यांनी धारच्या किल्ल्याचा दरवाजा केला होता, तो बघायला इंदूरहून माणसे आली. त्या दिवसाच्या माझ्या रोजनिशीत ‘मखर अप्रतिम’ एवढेच लिहिले आहे. मालनने मात्र त्या दिवशी मला तिची परात दाखवली होती. तूरडाळीत थर्माकोलचे पांढरे मणी मिसळले होते आणि ती ते एकेक करून निवडत होती.

“लोकांच्या डाळीत खडे असतात, माझ्या डाळीत गणपतीचं देऊळ आहे,” ती म्हणाली.

विसर्जनाला मूर्तीबरोबर मखरही तळ्यात जाई. दुसऱ्या दिवशी काठाशी पांढरे तुकडे तरंगत असत. कोजागरीला आम्ही फिरायला जायचो तेव्हाही ते असत, फक्त बारीक झालेले. लांबून कोणी फुले वाहिल्यासारखे वाटे. दत्ताजी अभिमानाने म्हणायचे, “बघा काकू, महिना झाला तरी विरघळला नाही. माल बघा माल!”

आम्ही सगळेच मान डोलवायचो.

देवासला पाण्याचे हाल किती होते ते इथल्या माणसालाच कळेल. नव्वद सालच्या आसपास तर गावाला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या जेवणावळीला स्टीलची ताटे होती, पण ती घासायला पाणी कुठून आणणार? मग काही वर्षे पळसाच्या पत्रावळी आल्या. पुढे लोकांना खाली बसणे नको झाले, बुफे सुरू झाला आणि पत्रावळ हातात धरून उभ्याने जेवणे काही जमेना. कढी थेट कोपरापर्यंत येई. तेव्हा मंडळाच्या सभेत दत्ताजी उठले आणि त्यांनी पिशवीतून थर्माकोलची ताटली काढून सगळ्यांना दाखवली. कप्पे पाडलेली, पांढरीशुभ्र, पिसासारखी हलकी.

“घासायची नाही, गळत नाही, हात भाजत नाही,” ते म्हणाले. “जेवा आणि टाका.”

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत नन मुलींकडून आपापली ताटे घासून घेत. तेव्हापासून मला त्या कामाचा कंटाळा. त्यामुळे पहिली टाळी मी वाजवली.

आता अक्कांबद्दल सांगते. मंडळाच्या सभागृहाला लागून अक्कांचे घर होते. त्यांचे सासरे देवासच्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या दरबारात कारभारी होते. दरबार गेला, सासरे गेले, यजमान गेले. अक्का, एक अंगण आणि अंगणात एक गाय एवढे राहिले. अक्कांचे माहेर धारकडचे, अमझेऱ्याचे. लग्नात वडिलांनी त्यांच्याबरोबर एक माळवी गाय दिली होती. तिची मुलगी, मग त्या मुलीची मुलगी, अशी ती वेल अक्कांच्या अंगणात चालत आली. आताची होती ती चंद्री. कपाळावर चांद, बाकी अंग राखी. अमझेऱ्याला अक्कांचे आता कोणी उरले नव्हते, भाऊ गेले, शेत विकले गेले. कोणी माहेरची चौकशी केली की अक्का चंद्रीकडे बोट दाखवत.

“हे काय, चार पायांवर उभं आहे माझं माहेर.”

मंडळात जेवणावळ असली की देवाच्या नैवेद्यानंतर पहिले पान गोग्रासाचे निघे. ते चंद्रीला जाई. वरणभात, पुरी, गोड, सगळे एका पानावर वाढून गाईपुढे ठेवायचे. गाय अन्नही खाते आणि पानही खाते, म्हणून पान परत आणायचे नाही अशी आपली रीत. हा मान दत्ताजींचा. अंघोळ करून, सोवळे नेसून ते पान घेऊन अक्कांच्या फाटकाशी जात. अक्का चंद्रीचे दावे धरून उभ्या असत. दत्ताजी पान ठेवत, पाया पडत, आणि आत आरती सुरू झाली म्हणून लगबगीने परत येत.

थर्माकोल आला तेव्हा देवाच्या आणि गाईच्या पानासाठी दत्ताजींनी खास ताटली शोधून आणली. तिला चंदेरी कागद चिकटवलेला होता. चांदीचे ताटच वाटे. त्यावर गोग्रास वाढला जाई आणि रीतीप्रमाणे तो ताटलीसकट चंद्रीपुढे ठेवला जाई. पान म्हणजे पान. ते पळसाचे आहे की कशाचे, याचा विचार हात करत नाहीत. चंद्रीही तुपाच्या वासाने ते मुकाट्याने खाऊन टाकी. वर्षानुवर्षे हे चालले आणि कोणाच्याही मनात काही आले नाही. एवढेच नाही, तर जेवणावळीत उरलेल्या चंदेरी ताटल्या दत्ताजी गल्लीत घरोघर वाटत, म्हणजे पितृपक्षात श्राद्धाच्या गोग्रासालाही त्याच वापरल्या जात. शिवाय सभागृहामागे उष्ट्या ताटल्यांचा डोंगर साचे. वारा सुटला की तो गल्लीभर पसरे. गाई तिथे तोंड घालत.

२००३ चा पितृपक्ष संपत आला होता. एका सकाळी अक्कांनी मला हाक मारली. त्या कधी कोणाला हाक मारत नसत.

“जरा येऊन बघा. चंद्री कालपासून खात नाही.”

चंद्री उभी होती, पण मान खाली. डावी कूस ढोलासारखी फुगलेली. पुढे हिरवा चारा पडलेला, त्याला तिने तोंड लावले नव्हते. आणि ती रवंथ करत नव्हती. गाय उभी असो वा बसलेली असो, तिचा जबडा हलत असतो. चंद्रीचा जबडा बंद होता आणि मधूनच ती दात करकर वाजवत होती. चार महिन्यांची गाभण होती ती.

अक्कांचे तेल-हिंग पाजून झाले होते, ओवा चारून झाला होता. दत्ताजी हाक ऐकून आले आणि बघताच सायकल काढून गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर चौरे महूच्या गुरांच्या कॉलेजात शिकलेले, पन्नाशीचे, माळवी माणूस. त्यांनी कुशीवर मूठ दाबली. मूठ दाबली तसा खड्डा पडला आणि तो खड्डा तसाच राहिला.

“अम्मा, पेट में कचरा है इसके,” ते म्हणाले. “दवा से नी निकलेगा. खोलना पड़ेगा.”

“गाभण आहे ती,” अक्का म्हणाल्या. मग हिंदीत म्हणाल्या, “पेट से है, डॉक्टरसाहब.”

“मालूम है. पर नी खोला तो दोनों जाएंगे.”

अक्कांनी चंद्रीच्या गळ्यातली घंटा काढून घेतली आणि म्हणाल्या, “करा.”

ते अंगणातच झाले. चंद्रीला कडुनिंबाला बांधले. कूस बधिर करायच्या सुया दिल्या. गाय उभीच होती, आणि दत्ताजींनी तिचे डोके छातीशी धरून ठेवले होते. अक्का समोर पायरीवर बसून होत्या. मी गरम पाणी देत होते. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, कूस उघडली आणि हात आत घातला. आधी पिशव्या आल्या, काळ्या, निळ्या, एकमेकींत पिळलेल्या. मग सुतळी. मग पांढरे गोळे येऊ लागले. थर्माकोल चावून चावून त्याचा लगदा झाला होता, आणि तो लगदा पुन्हा दाबला जाऊन विटेसारखा घट्ट झाला होता. बादली भरली. मालनने दुसरी आणली.

तेवढ्यात डॉक्टरांच्या हातात काहीतरी चमकले. चंदेरी कड होती. ताटलीची अर्धी कड, चंदेरी कागदासकट, जणू काल घातलेली.

दत्ताजींनी ती पाहिली. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण त्यांनी चंद्रीचे डोके सोडले नाही.

“हे माझं आहे,” ते म्हणाले.

“क्या?” डॉक्टरांनी विचारले.

“माझं आहे हे. मीच घातलं. देवाचं म्हणून घातलं.”

डॉक्टरांना मराठी थोडे कळत असावे. त्यांनी कड बादलीत टाकली आणि पुन्हा हात आत घातला. “भिया, ये एक दिन का नी है. बरसों का है. इसमें पूरे मोहल्ले का है. ये चीज़ गाय के पेट में सड़ती-गलती नी, ज़मीन में भी गलती नी. अभी सिर पकड़ के रखो.”

अक्कांनी सगळे ऐकले. शिवण झाली, औषध लावून झाले, डॉक्टरांनी हात धुतले. दत्ताजी अक्कांसमोर जाऊन उभे राहिले.

“अक्का...”

“तुम्ही आता जा, दत्ताजीराव,” अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. दत्ताजी बाहेर पडताच त्यांनी फाटकाला कडी घातली.

डॉक्टर जाताना सांगून गेले होते: रवंथ करू लागली तर वाचली. नाही केली तर माझ्या हातात काही नाही.

मग आम्ही गल्लीतले सगळे एका गाईच्या जबड्याकडे डोळे लावून बसलो. मी जाताजाता भिंतीवरून डोकावायची. पाणी पीत होती, पण जबडा बंद. पोट हलले तरी अक्का दचकायच्या. दत्ताजी कामावर गेले नाहीत. आपल्या ओट्यावर बसून ते अक्कांच्या फाटकाकडे बघत राहायचे. मालनने चहा दिला तर म्हणाले, “दुधाचा नको.” काळा चहा घेतला. जेवायलाही बसेनात.

“देवानं माफ केलं असेल हो,” मालन म्हणाली. “न जाणून केलंत तुम्ही.”

“देवाचं नाही म्हणत मी. ती गाय अक्कांची आहे. त्यांना दुसरं काय आहे?”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाटीत पेज घेऊन अक्कांकडे गेले, कारण त्यांनीही काही खाल्ले नव्हते. अक्का चंद्रीपासून हातभर अंतरावर पाटावर बसल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडले तर त्यांनी हात वर करून मला थांबवले. चंद्रीच्या गळ्यातून काहीतरी वर सरकताना दिसले, घास होता तो, आणि मग तिचा जबडा हलला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी चंद्री रवंथ करत होती, जसे काही झालेच नव्हते.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी पेज तिथेच ठेवली आणि या वयात जेवढे पळता येते तेवढे पळत गल्लीत आले.

“दत्ताजी, रवंथ करतेय!”

ते उठले. खाली बसले. परत उठले. “काकू, नीट बघितलंत? नुसतं कोरडं तोंड हलवत नसेल ना?”

“घास वर येताना बघितला.”

“गळ्यातून?”

“गळ्यातूनच येणार, कानातून येईल का?”

मालन आतून बाहेर आली आणि हसायला लागली. दत्ताजीही हसायला लागले आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. त्या दिवशी ते जेवले.

चंद्री हळूहळू सुधारली. टाके निघाले. पोटातला जीवही शाबूत होता, डॉक्टरांनी हात घालून बघितले. गल्लीचा जीव भांड्यात पडला. पण अक्का दत्ताजींशी बोलल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर ‘बरे आहात?’ एवढेही नाही. रागावल्या म्हणाव्यात तर तसेही दिसत नव्हते. नुसते फाटक बंद असे. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, “दावं धरून उभी मीच होते ना तिथे? त्यांना काय बोलू आणि स्वतःला काय बोलू? वासरू धडधाकट होऊ दे. मग बघू.”

दत्ताजींना मी हे सांगितले नाही. त्यांनी त्याआधीच मंडळाची सभा मागितली होती.

सभेत सेक्रेटरी सुभाष होता, देवासलाच जन्मलेला, तिशीचा. अध्यक्ष बळवंतराव होते, जाडजूड आणि प्रेमळ. दत्ताजी उठून म्हणाले, “दत्तजयंतीपासून थर्माकोल बंद. ताटली नाही, वाटी नाही, मखर नाही.”

“काका, ये तो आपनेच चालू किया था ना?” सुभाष म्हणाला. “आता तुम्हीच बंद म्हणता?”

“मीच आणला, म्हणून मीच बंद म्हणतोय. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.”

“और बुफे? पत्रावळ हातात धरून? कढी सीधी शर्टावर.”

“मग बसा की खाली. गुडघे आहेत ना अजून तुझे?”

“माझे आहेत. अध्यक्षांचे नाहीत.”

“माझ्या गुडघ्यांची चर्चा वृत्तांतात लिहू नका,” बळवंतराव म्हणाले. सगळे हसले. मग ते म्हणाले, “बसू आम्ही. उठताना हात द्या म्हणजे झालं.”

पत्रावळी कुठे मिळणार हा प्रश्न होता. पूर्वी दारावर घेऊन येणारी बाई धंदा नाही म्हणून यायची बंद झाली होती. दत्ताजी बसने कन्नौदला गेले. तिथल्या आठवडी बाजारात जंगलाकडच्या बाया खाखऱ्याची पाने, म्हणजे आपला पळस, काड्यांनी टोचून पत्रावळी करतात. एक म्हातारी झाडाखाली बसून होती. दत्ताजींनी तिची सगळी चवड मागितली आणि आणखीही पत्रावळी मागितल्या.

“इत्ती? घर में शादी है क्या?” तिने विचारले.

“नहीं बाई,” दत्ताजी म्हणाले, “गाय है.”

म्हातारीला काही कळले नाही, पण तिने चवड बांधून दिली.

राहता राहिला दत्ताजींच्या माळ्यावरचा थर्माकोल. खांब, महिरपी, दुसऱ्यांदा केलेल्या किल्ल्याच्या दरवाजाचे तुकडे. तो घालवायचा कुठे? त्यांनी भंगारवाल्याला बोलावले. तो बघून म्हणाला, “भिया, इसका वजन ही नी है. भाव किस बात का दूं?” मग परसात एक तुकडा पेटवून बघितला. काळा धूर निघाला, असा की घशात खवखव आणि डोळ्यांत पाणी, आणि त्याची काजळी मालनच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसली. मालनने बादलीभर पाणी त्या आगीवर आणि उरलेले नवऱ्याच्या पायांवर ओतले. पुरायचा म्हटला तर डॉक्टरांचे वाक्य आठवे. तळ्यात सोडणे तर आता शक्यच नव्हते. शेवटी तो माळ्यावरच राहिला. पुढे नोकरी संपून दत्ताजींनी स्वतःचे घर बांधले तेव्हा तोही गाडीत बसून नव्या घरी गेला. आजही आहे. त्यानंतरची मखरे दत्ताजींनी बांबूच्या कामट्या आणि जुन्या साड्यांची केली, आणि मला विचाराल तर ती जास्त देखणी होती. पण ते बोलताना माळ्याकडे एकदा बघतातच. मालन म्हणते, “आपण दोघं जाऊ, पण हे इथंच राहणार. नातवंडांना वारसा.”

दत्तजयंतीला पंगत बसली. खाली बसताना खूप आवाज झाले, ‘आई गं’पासून ‘अरे मेरे बाप’पर्यंत. कढी गळू नये म्हणून सगळे भरभर जेवले. बळवंतरावांना उठवायला दोघे लागले. नैवेद्य झाला तशी दत्ताजींनी पळसाच्या पत्रावळीवर गोग्रास वाढला आणि अक्कांच्या फाटकाशी गेले. मी मागे होते. अक्का बाहेर आल्या. त्यांनी दत्ताजींच्या हातातून पान घेतले, अन्न आपल्या पितळी घमेल्यात ओतले, रिकामी पत्रावळ झटकली, उलटून पालटून बघितली, आणि दत्ताजींच्या हातात परत दिली. मग घमेले घेऊन आत गेल्या.

रीत होती पान परत न घेण्याची. दत्ताजी ती पत्रावळ धरून उभे राहिले.

“बरोबर आहे त्यांचं,” ते मला म्हणाले. “पळसाचं असलं तरी माझ्या हातचं आहे.”

हिवाळा तसाच गेला. चंद्रीचे पोट वाढत होते, या वेळी योग्य कारणाने. महाशिवरात्र झाली आणि दोनच दिवसांत, सकाळी दहाच्या सुमाराला, चंद्री व्याली. डॉक्टर चौरेंना बोलावून ठेवले होते, पण त्यांना काही करावे लागले नाही. ते चहा पिऊन, वासराला दोन्ही हातांनी उचलून बघून, ‘बढ़िया’ म्हणून गेले. कालवड होती. कपाळावर तोच चांद. जरा लटपटली, पडली, परत उठली आणि नाकाने आईची कास शोधू लागली. जुन्या शिवणीचा वण चंद्रीच्या कुशीवर दिसत होता आणि चंद्री मान वळवून वासराला चाटत होती.

दत्ताजींना बातमी मिळाली होती. ते त्या बाजूला गेले नाहीत. रविवार नसूनही घरीच होते. ओट्यावर बसून कामट्या तासत होते आणि तासून झालेली कामटी परत तासत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मालनकडे बसले होते. दार उघडेच होते. दारात अक्का उभ्या राहिल्या. अक्का कोणाच्या घरी जात नसत, हळदीकुंकवालाही नाही. मालन गोंधळून उठली, पाट शोधू लागली. अक्कांच्या हातात पितळी डबा होता, वर फडके बांधलेले.

“दत्ताजीराव आहेत?”

दत्ताजी आतून आले. हाताला भुसा लागलेला होता, तो ते धोतराला पुसत राहिले.

“खरवस आहे,” अक्का म्हणाल्या. “पहिल्या चिकाचा. गूळ घातलाय, वेलची नाही घातली, संपली होती. खाऊन बघा.”

दत्ताजींनी डबा घेतला. त्यांनी उभ्या उभ्याच फडके सोडले, बोटाने एक वडी काढून तोंडात टाकली. चंद्री आजारी पडल्यापासून त्यांनी दुधाचे काही तोंडात घातले नव्हते. ते आम्हा दोघींना माहीत होते. अक्कांना माहीत होते की नाही, मला अजून माहीत नाही.

“कसा झालाय?” अक्कांनी विचारले.

“छान,” ते म्हणाले. “अक्का, ती... कालवड बरी आहे?”

“बरी? द्वाड आहे. आचळ सोडत नाही. धार काढायची म्हणजे तिला ओढून धरायला माणूस लागतं. माझ्या हातात तेवढी ताकद नाही आता.” मग म्हणाल्या, “उद्या सकाळी याल का धरायला? फाटक उघडंच ठेवते.”

“उद्या कशाला?” दत्ताजी म्हणाले. डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि चपला शोधू लागले. “संध्याकाळची धार आहे ना अजून? आत्ताच येतो.”

“अहो, संध्याकाळ व्हायची आहे!” मालन म्हणाली. “खरवस तरी संपवा!”

पण दत्ताजी एका पायात चप्पल घालून दुसऱ्या पायाने दुसरी शोधत दाराबाहेर पडलेही होते, आणि अक्का, ज्यांना मी त्या पाच-सहा महिन्यांत हसताना पाहिले नव्हते, त्यांच्यामागून चालत म्हणत होत्या, “सावकाश, दत्ताजीराव, सावकाश. वासरू कुठे पळून जात नाही.”